धुलाईयंत्राचे अडलेले पाणी

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी जेव्हा मला सांगितले की, "या महिन्याच्या सभेत तुम्ही बोलायचे आहे," तेव्हा मी प्रथम साफ नाही म्हटले. या व्यासपीठावरून आजवर डॉक्टरीणबाई बोलल्या, वकीलबाई बोलल्या, प्रवास करून आलेल्या भगिनींनी परदेशची वर्णने सांगितली. मी पडले घरात राहणारी बाई. माझ्याजवळ सांगण्यासारखे ते काय असणार? पण चिटणीसबाई काही ऐकेनात. त्या म्हणाल्या, "परवा भजनाच्या वेळी तुम्ही तुमच्या मशीनची हकीकत सांगत होता ना, तीच सांगा. निम्म्या जणींच्या घरी तेच दुखणे आहे." तेव्हा आजचा माझा विषय मोठा नाही, हे मी आधीच कबूल करते. समोरून दार उघडणारे कपडे धुण्याचे यंत्र, त्यात अडून बसलेले पाणी, आणि ते घरच्या घरी कसे मोकळे करावे, एवढेच मला सांगायचे आहे. मात्र त्या पाण्याबरोबर माझ्या हातून आणखी एक चूक घडली. तीही लपवून न ठेवता सांगणार आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. घरी पाहुणे येऊन गेले होते. चादरी, अभ्रे, पंचे यांचा ढीग पडला होता. मुलगा आणि सूनबाई दोघेही कामावर गेलेली, नातू शाळेत. कामाला येणाऱ्या बाईंनी नेहमीप्रमाणे यंत्रात कपडे भरले, पावडर घातली, यंत्र सुरू केले आणि त्या भांड्यांकडे वळल्या. तासाभराने पाहते तो यंत्र थांबलेले, समोरच्या पट्टीवर कसलीशी अक्षरे लुकलुकत आहेत, काचेतून आत गढूळ पाणी दिसते आहे, आणि दार काही उघडत नाही. आत चादरी पाण्यात बुडालेल्या आणि बाहेर मी हात चोळत उभी!

माणसाचे डोके तापले की आधी दुसऱ्याचा दोष दिसतो. मी बाईंना म्हटले, "किती वेळा सांगितले, एवढी पावडर घालू नकोस म्हणून. घातलास ना बिघाड करून?" त्या काही तरी बोलू पाहत होत्या, पण मी बोलू दिले नाही. त्या वेळी शेजारच्या काकूही दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच मी हे बोलले. बाईंनी हातातले भांडे खाली ठेवले, हात पुसले आणि त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही आल्या नाहीत.

इकडे एका कारागिराला बोलावले. त्याने यंत्राला कान लावला, दोन बटणे दाबली आणि सांगितले, "आजी, पंप गेला. साडेतीन हजार होतील. पंप मागवावा लागेल, चार दिवस लागतील." मी म्हटले, रात्री मुलाला विचारून सांगते. तो गेला. आत चादरींना वास सुटायला लागला होता. चार दिवस त्या तशाच ठेवायच्या? तेव्हा मी कपाटातून यंत्राबरोबर आलेली पुस्तिका काढली. विकत घेतल्यापासून तिच्यावरचे प्लॅस्टिकसुद्धा कोणी काढले नव्हते. चष्मा लावून बसले आणि दुपारभर ती वाचली. भगिनींनो, पोथी वाचतो तशी ही पुस्तिका एकदा तरी वाचा. माझ्या सगळ्या चुकांची उत्तरे तिच्यात होती.

आता यंत्राच्या पोटात काय असते ते थोडक्यात सांगते. म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. असे समोरून दाराचे, आपोआप चालणारे यंत्र अमेरिकेत बेंडिक्स नावाच्या कंपनीने १९३७ साली बाजारात आणले. तेव्हाचे यंत्र इतके थरथरत असे की ते जमिनीला बोल्टांनी घट्ट करून ठेवावे लागे. आजचे यंत्र पुष्कळ सुधारले, पण मूळ रचना तीच आहे. आपल्याला काचेतून दिसतो तो भोकाभोकांचा पोलादी ड्रम. कपडे त्यात फिरतात. त्या ड्रमच्या बाहेर दुसरी एक बंद टाकी असते. पाणी साठते ते या टाकीत, आणि भोकांतून ड्रममध्ये येते. टाकीच्या बुडाला एक जाड रबरी नळी असते. तिच्यातून मळके पाणी खाली उतरते. वाटेत त्याला एक गाळणी लागते. गाळणीच्या पलीकडे एक छोटा विजेचा पंप असतो. त्यात पात्यांचे चिमुकले चक्र गरगर फिरते आणि पाण्याला मागच्या लांब नळीतून वर चढवून मोरीत नेऊन सोडते.

म्हणजे पाण्याचा रस्ता असा : टाकी, जाड नळी, गाळणी, पंप, मागची नळी आणि शेवटी मोरी. पाणी अडले म्हणजे या रस्त्यात कुठे तरी अडले. रस्ता टाकीपासून मोरीपर्यंत क्रमाने तपासावा, एवढेच सारे शास्त्र आहे. पंप गेला असे म्हणण्याआधी बाकीची ठिकाणे पाहून घ्यावीत. आणि यंत्र दार का उघडत नाही, तर आत पाणी आहे हे त्याला कळते म्हणून. ते आपल्याला छळत नाही; घरात पूर येऊ नये म्हणून दार धरून बसते. तेव्हा दाराशी झटापट करू नका. कडी तुटली तर ते नवेच दुखणे होऊन बसते.

पट्टीवर जी अक्षरे दिसतात ती यंत्राची भाषा. प्रत्येक कंपनीची ती निराळी. एलजीच्या यंत्रावर 'ओ ई', सॅमसंगच्या यंत्रावर '५ सी' किंवा '५ ई', बॉशच्या यंत्रावर 'ई १८' अशी खूण दिसली म्हणजे पाणी बाहेर जात नाही असे समजावे. आपल्या यंत्राची खूण पुस्तिकेत पाहून, एका कागदावर लिहून, तो कागद यंत्राजवळ चिकटवून ठेवावा. आमच्याकडे आता तसा चिकटवला आहे.

आता गाळणी उघडण्याची रीत. येथे मात्र माझे नीट ऐका, कारण मी ती प्रथम चुकीची केली.

सर्वांत आधी यंत्र बंद करून प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. पाणी आणि वीज यांची गाठ घालून देऊ नये. प्लगला हात लावताना हात कोरडे, पायांत चपला. पाण्याचा नळही बंद करावा. दुसरी गोष्ट, कपडे कढत पाण्यात लावले असतील तर थांबावे. काही धुलाईत पाणी ६० अंश, तर काहीत ९० अंशांपर्यंत तापते. ते अंगावर आले तर भाजून निघाल. दारावरची काच हाताला गार लागेपर्यंत गाळणीला हात लावू नये.

बहुतेक यंत्रांना खालच्या बाजूला, बहुधा उजव्या कोपऱ्यात, एक छोटे चौकोनी झाकण असते. चमच्याच्या देठाने किंवा नाण्याने ते उघडते. आत गोल, मुठीएवढी कडी दिसते. ती गाळणीची टोपी. मी काय केले? पुस्तिकेतले पान नीट न वाचता ती टोपी डावीकडे फिरवली आणि पूर्ण काढली. बघता बघता सगळे पाणी भसकन बाहेर आले. कोरडी बाल्कनी ओली झाली, स्वयंपाकघर ओले झाले, पाणी दिवाणखान्यात सोफ्याखाली जाऊन बसले. साठ वर्षे पाणी भरले, सांडले, पुसले. पण इतके पाणी एका वेळी कधी पुसले नव्हते.

तुम्ही तसे करू नका. त्या टोपीशेजारी पुष्कळ यंत्रांत एक बारीक रबरी नळी दुमडून ठेवलेली असते. तिच्या तोंडाला बूच असते. ती बाहेर ओढावी, खाली एक पसरट ताट ठेवावे, बूच काढावे, ताट भरत आले की बूच लावावे, ताट बादलीत रिकामे करावे आणि पुन्हा तेच. काम कंटाळवाणे आहे. दहापंधरा ताटे सहज भरतात. पण फरशी कोरडी राहते. ज्या यंत्राला अशी नळी नसेल तिथे जुना टॉवेल पसरून टोपी अगदी थोडी सैल करावी, पाणी थेंबाथेंबाने, मग धारेने येऊ द्यावे, ताट भरले की टोपी पुन्हा आवळावी. धीर धरावा. पाणी यायचे पूर्ण थांबले म्हणजे मगच टोपी काढावी. काही यंत्रांना समोरून उघडणारी गाळणीच नसते. तिथे मात्र आपण हात न घालता माणूस बोलवावा.

आता माझ्या गाळणीत काय निघाले ते सांगते. दोन रुपयांचे एक नाणे. तीन सेफ्टी पिना. ब्लाउजचे चार हूक. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद. केसांचा आणि धाग्यांचा एक करडा गोळा. आणि त्या सगळ्यांना कवटाळून बसलेला नातवाचा एक चिमुकला मोजा. हा मोजा आम्ही उन्हाळ्यापासून शोधत होतो.

भगिनींनो, मी ते सगळे एका ताटलीत मांडले आणि बघत बसले. पिना माझ्या. पदराला लावायच्या आणि पातळ तसेच धुवायला टाकायचे, ही माझी सवय. हूक माझ्या ब्लाउजांचे. गोळ्यांचा कागद माझ्या रक्तदाबाच्या औषधाचा; तो मी गाऊनच्या खिशात कोंबते. नाणे कोणाचे ते सांगता येणार नाही. पण पावडरीचा, म्हणजे बाईंचा, तिथे काहीही दोष नव्हता. ज्या बाईला मी चारचौघांत बोलले, तिचे त्या ताटलीत काहीच नव्हते.

गाळणी नळाखाली धरून जुन्या दातांच्या ब्रशाने स्वच्छ केली. ज्या पोकळीतून ती काढली, तिच्यात विजेरीचा प्रकाश टाकून पाहिले. आत पंपाच्या पात्यांचे छोटे चक्र दिसते. त्याला केस किंवा धागे गुंडाळले असतील तर हलक्या हाताने सोडवावेत. चमच्याच्या देठाने ते थोडे फिरवून पाहावे. ते सरळ न फिरता अडखळत, ठेचकाळत फिरते. घाबरू नका, आतल्या चुंबकामुळे ते तसेच फिरायचे. अजिबात हललेच नाही, किंवा सैल होऊन लडबडले, तर मात्र पंपाला खरेच काही झाले आहे. बोट घालताना सावध असावे. आत पिन किंवा काच असू शकते.

गाळणी परत बसवताना ती सरळ बसली आहे ना, आणि तिच्या रबरी कड्यावर केस वा माती नाही ना, हे पाहावे. आटे तिरके बसले तर पुढच्या धुलाईला तिथून पाणी झिरपते. हाताने घट्ट आवळावी. पक्कड लावू नये, कारण प्लॅस्टिकचे आटे तुटतात. मग प्लग लावून केवळ पाणी काढण्याचा किंवा पिळण्याचा कार्यक्रम लावावा आणि टोपीजवळ एक कोरडा कागद ठेवून थेंब पडतो का ते पाहावे.

त्या दिवशी मी बटण दाबले, आणि मागच्या नळीतून पाणी मोरीत पडल्याचा आवाज आला. तो आवाज मला सनईसारखा वाटला! पंप गेला नव्हता. साडेतीन हजार वाचले. कारागीर लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याने झाकण उघडले नाही एवढेच. पण झाकण उघडा म्हणून सांगण्याइतके ज्ञान माझ्याजवळ असते, तर मी सांगितले असते.

गाळणी स्वच्छ असूनही पाणी जात नसेल, तर पुढचा टप्पा मागच्या नळीचा. यंत्र झाडण्यासाठी पुढे ओढतो आणि पुन्हा मागे ढकलतो. त्यात ती नळी भिंतीशी दाबली जाते किंवा मुडपते. हे सर्वांत साधे कारण, आणि सर्वांत शेवटी लक्षात येणारे. यंत्र हलवताना दोघींनी हलवावे. एकटीने ओढून कंबर धरून घेऊ नये.

त्या नळीचे तोंड किती उंचीवर असावे, यालाही नियम आहे. बहुतेक पुस्तिका ते जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर ठेवायला सांगतात. फार उंच नेले तर लहानशा पंपाला पाणी चढवता येत नाही. फार खाली सोडले तर उलट घोटाळा होतो. पिंपातून नळीने रॉकेल काढताना एकदा धार लागली की ती आपोआप चालू राहते, हे आपण सर्वजणींनी जुन्या काळी पाहिले आहे. तसेच यंत्रातले पाणी भरता भरताच खाली ओघळत राहते. यंत्र भरत राहते, पाणी वाहत राहते, धुलाई संपतच नाही, आणि पाण्याचा अपव्यय होतो तो वेगळाच. आपल्याकडे कोरड्या बाल्कनीत नळी थेट जमिनीवरच्या जाळीत सोडण्याची पद्धत आहे. तसे करायचेच असेल तर नळी आधी यंत्राच्या मागच्या बाजूला वरपर्यंत नेऊन, तिथल्या खोबणीत अडकवून मग खाली सोडली आहे ना, हे पाहावे. आणि तिचे तोंड पाण्यात बुडालेले किंवा भोकात चिंधीने गच्च बंद केलेले नसावे. हवेला वाट राहिली पाहिजे.

त्या जाळीखाली जे पाण्याचे छोटे भांडे असते त्याला प्लंबर आणि इंजिनिअर मंडळी 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीघराचा शब्द साऱ्या बांधकाम खात्याने उचलला, याचे मला फार कौतुक वाटते. त्यात नेहमी थोडे पाणी साठून राहते आणि त्यामुळे गटाराचा वास घरात येत नाही. पण त्यातच केस, साबणाचा गाळ आणि धागे बसतात. यंत्र पाणी जोरात सोडते, तेवढे ते भांडे पोटात घेऊ शकत नाही, आणि पाणी बाल्कनीभर पसरते. आपण म्हणतो यंत्र गळते; गळत असते मोरी!

दोष यंत्राचा की मोरीचा, हे ओळखण्याची युक्ती अगदी सोपी. नळीचे तोंड मोरीतून काढून एका मोठ्या बादलीच्या काठाशी घट्ट धरावे आणि पाणी काढण्याचा कार्यक्रम लावावा. धार जोरदार आली तर यंत्र निर्दोष आहे, मोरी साफ करावी. धार करंगळीएवढी आली किंवा आलीच नाही, तर अडथळा यंत्रात आहे. जवळ दुसरी बादली तयार असू द्यावी, आणि एकीने बटणापाशी उभे राहावे. मोरी साफ करायची तेव्हा जाळी काढून गाळ हाताने उपसावा. पण कसलेही ॲसिड किंवा मोरी उघडण्याची तिखट पावडर यंत्राच्या ड्रममध्ये किंवा नळीत कदापि ओतू नये. रबर आणि धातू दोन्ही खराब होतात, आणि पुढे गाळणी उघडणाऱ्या माणसाचे हात भाजतात.

आता पावडरीविषयी. मी बाईंना उगाच बोलले, हे खरे; पण पावडर जास्त झाली तर पाणी अडते, हेही खोटे नाही. हाताने धुण्याच्या पावडरीला फेस पुष्कळ येतो. पंप पाणी ढकलू शकतो, फेस ढकलू शकत नाही. कारण फेस म्हणजे बरीचशी हवाच. पाती नुसती फिरत राहतात. अशा यंत्राला कमी फेसाची, समोरून दाराच्या यंत्रासाठी म्हणून मिळणारी पावडर किंवा द्रव वापरावा, आणि पाकिटावर लिहिलेल्या मापापेक्षा जास्त घालू नये. काचेत फेस भरलेला दिसला तर यंत्र थांबवून थोडा वेळ स्वस्थ बसावे. फेस विरतो, मग पाणी काढावे आणि साबण न घालता एकदा खळबळून घ्यावे.

आवाजावरूनही पुष्कळ कळते. पाणी काढायच्या वेळी गुणगुण ऐकू येते पण पाणी जात नाही, तर गाळणी, पाती किंवा नळी तुंबली आहे. खडखड ऐकू येते, तर नाणे किंवा बटण पात्यांशी आले आहे. काहीच आवाज नाही, तर पंपाला वीज पोचत नाही किंवा तो जळाला आहे. पाणी सगळे निघून गेले तरी यंत्र 'पाणी आहे, पाणी आहे' असे म्हणत बसले, तर पाण्याची पातळी मोजणारी बारीक नळी किंवा तिचे यंत्र गाळाने बिघडले असावे. हे शेवटचे दोन आजार आपले नव्हेत. तसेच जळका वास आला, हात लावताच झिणझिणले, घरातला विजेचा खटका पुन्हा पुन्हा पडू लागला किंवा यंत्राच्या बुडातून पाणी येऊ लागले, तर प्लग काढून जाणत्या माणसाला बोलवावे. यंत्राची हमी चालू असेल तर एकही स्क्रू खोलू नये. गाळणी आणि मागची नळी एवढेच आपले राज्य. तेवढे नीट सांभाळले तरी पुष्कळ.

मला एक गोष्ट राहून राहून वाटते. आपण हाताने धुत होतो तेव्हा प्रत्येक कपडा आपल्या बोटांखालून जाई. खिशातली चिठ्ठी, सुटलेला हूक, पदराची पिन, बोटांना आधी कळे. यंत्राने आपले श्रम वाचवले, त्याबद्दल मी त्याला रोज मनातून नमस्कार करते. माझ्या आईच्या हातांना पडलेल्या भेगा मी विसरलेले नाही. पण बोटांचे ते पाहणे यंत्राला येत नाही. ते आपणच करायचे राहिले आहे.

तेव्हा कपडे टाकण्यापूर्वी खिसे उलटे करावेत. पिना काढाव्यात. हूक आणि साखळ्या लावून घ्याव्यात. मोजे, रुमाल, लहान मुलांचे कपडे आणि तार असलेली अंतर्वस्त्रे जाळीच्या पिशवीत घालून टाकावीत. ती तार ड्रमच्या भोकातून निसटून टाकीत जाते आणि मोठा अनर्थ करते. दारापाशी जी रबराची जाड घडी असते, ती धुलाईनंतर बोटाने उघडून पुसावी. नाणी आणि मोजे प्रथम तिथेच दडतात. गाळणी महिन्यातून एकदा उघडावी. आमच्या घरी संकष्टीचा दिवस ठरवला आहे, म्हणजे विसर पडत नाही. अधूनमधून रिकामे यंत्र गरम पाण्यावर चालवावे; नळ्यांतला साबणाचा गाळ सुटतो. आणि धुणे झाल्यावर दार किंचित उघडे ठेवावे, म्हणजे वास येत नाही. मात्र घरात लहान मूल असेल तर ते आत डोकावणार नाही इकडे लक्ष ठेवावे.

आता राहिलेली गोष्ट. यंत्र सुरू झाले, चादरी पुन्हा धुऊन वाळत पडल्या. पण माझे मन काही थाऱ्यावर येईना. रात्री सूनबाईला सगळे सांगितले. ती म्हणाली, "आई, उद्या फोन करू त्यांना." मी म्हटले, "फोन नको. बोलले मी समोरासमोर, तेव्हा जायलाही मीच पाहिजे." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेजारच्या इमारतीत कामाला येतात त्या वेळी मी खाली जाऊन फाटकापाशी उभी राहिले. त्या आल्या. मी म्हटले, "चूक माझी होती. पिना माझ्या, हूक माझे. तुला उगाच बोलले."

त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आजी, चार घरच्या मशिनी मी चालवते. खालचं झाकण उघडून बघा, असं त्या दिवशी सांगणारच होते मी. पण तुम्ही बोलू कुठं दिलंत?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. साडेतीन हजारांचा सल्ला माझ्या स्वयंपाकघरात भांडी घासत उभा होता आणि मी त्यालाच दाराबाहेर घालवले होते. मी त्यांना म्हटले, "वर चल, चहा घे, आणि शेजारच्या काकूंनाही मी बोलावले आहे. त्यांच्यासमोर बोलले होते, त्यांच्यासमोरच सांगते." त्या हसल्या. म्हणाल्या, "चहा घेते. पण काकूंचं राहू द्या." मी राहू दिले नाही. काकूंना बोलावले आणि सांगितले. त्या तीन दिवसांचे पैसेही कापले नाहीत. त्या आजही आमच्याकडे येतात, आणि संकष्टीला गाळणी आम्ही दोघी मिळून उघडतो. एकजण विजेरी धरते, एकजण ताट.

भगिनींनो, यंत्रे येतील आणि जातील. आणखी काही वर्षांनी आजच्या यंत्रालाही लोक हसतील. पण घरात काही अडले की पहिला बोट ज्याच्याकडे जाते, ते माणूस बहुधा सर्वांत दुबळे असते. ते बोट उचलण्याआधी खालचे झाकण उघडून बघावे, एवढे मी या वयात शिकले. तुमच्यापैकी कोणाला गाळणी उघडून दाखवायला हवी असेल तर मला अवश्य बोलवा. ताट आणि जुना टॉवेल तेवढा तयार ठेवा.